‘ईसीएम गेलंय’: एका जुन्या गाडीच्या दुरुस्तीच्या नोंदी

रविवार, ८ ऑक्टोबर २०२३ (मीटर ९७,६४०)

मुंबईत जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) उतरून गांधीनगर जंक्शनच्या सिग्नलला उभा होतो. एसी चालू, बाहेर ऑक्टोबर हीट. इंजिन एकदम बंद. आचका नाही, धाप नाही, दिवा मालवावा तसं. सेल्फ ठणठणीत फिरतो, पण इंजिन घेत नाही. मागच्या बसवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. शेवटी दोन रिक्षावाल्यांनी ढकलून कडेला लावून दिली. पाऊण तास घाम पुसत बसलो आणि वैतागून पुन्हा चावी फिरवली, तर पहिल्या सेल्फला स्टार्ट. मुलुंडपर्यंत काहीही त्रास नाही.

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलेंडर, बीएस-४. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक गाडीची नव्हती.

मंगळवार, १० ऑक्टोबर

नेहमीच्या गॅरेजला दाखवली. लक्षणं ऐकताच निदान: क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कळवणारा. ‘गरम झाला की मरतो, थंड झाला की उठतो.’ हे खोटं नाही, क्रँक सेन्सर खरंच असा वागतो. सेन्सर आणि मजुरी मिळून १,९५० रुपये. जुना सेन्सर मागून घेतला. दुकानदाराला आवडत नाही, पण मी प्रत्येक वेळी मागतो.

शनिवार, १४ ऑक्टोबर

भांडुपला एलबीएस मार्गावर परत तेच. मेट्रोच्या कामाने रस्ता चिंचोळा, मधोमध माझी गाडी. या वेळी डोकं जरा ताळ्यावर होतं म्हणून तीन गोष्टी पाहिल्या. चावी ऑन केल्यावर मागून पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची घरघर येते, ती आली नाही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलला नाही. तिसरी गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती: चावी ऑन केली की पिवळा चेक लाइट लागलाच पाहिजे, तो लागला नाही.

या गाडीत त्या दिव्याची अर्थ (निगेटिव्हकडे परत जाणारी वायर) थेट ईसीएममधून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्यूटरमधून जाते. सेन्सर मेला असता तर दिवा लागला असता. दिवाही नाही, पंपही नाही, म्हणजे दोन्हींना हुकूम देणाराच झोपलेला.

गॅरेजमध्ये पंपाचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विच, बदलला (३५० रुपये). संध्याकाळी फोनवर निकाल आला: ‘साहेब, ईसीएम गेलंय. बावीस हजारांत बसवून देतो.’ गेलंय हे कशावरून, असं विचारलं तर म्हणाला, ‘दुसरं काय राहिलंय?’

राग आला नाही, पण हे निदान नव्हे. उरलं म्हणून ईसीएम, हे मला पटत नाही. वायर, अर्थ, रिले, फ्यूज यांतलं काहीही बिघडलं तरी ईसीएम असाच मेल्यासारखा दिसतो. पुढचं स्वतः करायचं ठरवलं. (नावाचा घोळ सांगून ठेवतो: गॅरेजवाले ईसीएम म्हणतात, पार्टवाले ईसीयू, आणि आई ‘गाडीचा कंप्यूटर’. पेटी एकच.)

रविवार, १५ ऑक्टोबर, घटस्थापना

बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबलो, मग ईसीएमचा कपलर (वायरींचा जोड) सोडवला. पेटी बॅटरीच्या मागे, वायपरखालच्या जाळीच्या पोटात बसते. कपलरच्या एका कोपऱ्यातल्या दोन पिनांवर हिरवट पावडर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिना साफ केल्या, बॅटरी ट्रेखालचा अर्थचा बोल्ट काचपेपरने घासून घट्ट केला. ‘सापडलं’ असं वाटून दुपारी श्रीखंडावर ताव मारला.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

नाही सापडलं. विक्रोळीला ऑफिसच्या गेटात बंद.

पार्किंगवाल्या काकांना आता सवय झाली आहे, ते छत्री घेऊन येतात. संध्याकाळी थंड गाडीला बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. एकही कोड साठलेला नाही. पी०३३५ (क्रँक सेन्सर) नाही, पी०६०६ (ईसीएम) नाही, काही नाही. कोड लिहिणाऱ्याचाच वीजपुरवठा तुटत असेल तर लिहिणार कोण?

आजपासून डिकीत मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, दहाचा पाना आणि वायरिंगचा कागद. मरताना हाताशी सापडली तरच कळेल.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

सापडली. रजा टाकून सोसायटीच्या पार्किंगमध्ये एसी लावून उभी ठेवली. ३४ मिनिटांनी बंद. आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण सगळा निकाल हिच्यावर आहे.

१) बॅटरीवर १२.४ व्होल्ट.

२) ईसीएमला थेट बॅटरीतून येणारी वायर. इथे नुसता मीटर लावू नका. वायरचा एकच तार शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला, तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब लख्ख लागला आणि त्या भाराखाली १२.२ व्होल्ट मिळाले. वायर चांगली.

३) अर्थ. बल्ब तसाच पेटता ठेवून ईसीएमची अर्थ पिन ते बॅटरीची निगेटिव्ह: ०.०४ व्होल्ट. उत्तम. (परवा घासलेला बोल्ट इथे कामी आला असेल, पण रोग तिथे नव्हता.)

४) मेन रिले. इथे माझाही गोंधळ झाला. रिले ओढत नव्हता, त्यामुळे ईसीएमच्या दोन पिनांवर करंटच नव्हता. पहिल्यांदा वाटलं, चला, रिलेच चोर. पण या रिलेच्या कॉइलला अर्थ देतो तो ईसीएमच. म्हणजे ईसीएम मेला म्हणून रिले ओढत नाही, की रिले ओढत नाही म्हणून ईसीएम मेला? कोंबडी आधी की अंडं. सोडवायला सोपं आहे: रिले उपटला आणि सॉकेटमधल्या ३० व ८७ या खाचा फ्यूज बसवलेल्या वायरच्या तुकड्याने जोडल्या. आता ईसीएमच्या सगळ्या पिनांवर १२ व्होल्ट. तरी चेक लाइट नाही, स्कॅनर जोडला जात नाही.

५) पाच व्होल्टची लाइन. ईसीएम बॅटरीच्या १२ व्होल्टमधून स्वच्छ ५ व्होल्ट बनवतो आणि त्यावर थ्रॉटल, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), एसी प्रेशर हे सेन्सर चालतात. मॅप सेन्सरचा कपलर काढून मोजलं: ०.६ व्होल्ट.

यावरही लगेच ईसीएमला फासावर चढवू नये. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तरी तो सगळी लाइन खाली ओढतो आणि चांगला ईसीएम गप्प बसतो. म्हणून एकेक सेन्सर काढत गेलो. मॅप काढला, ०.६. थ्रॉटल काढला, ०.६. एसीचा काढला, ०.६. मग ईसीएमचाच कपलर काढून त्या लाइनची अर्थशी ओहममध्ये तपासणी: शॉर्ट कुठेच नाही.

२५ मिनिटांनी, मी काहीही न करता, पाच व्होल्ट आपोआप परत आले. ५.०१.

रविवार, २२ ऑक्टोबर

उलट परीक्षा. इंजिन थंड असताना स्टार्ट केलं, मीटर पाच व्होल्टच्या लाइनवर, आणि बायकोचा हेअर ड्रायर फक्त ईसीएमच्या पेटीवर. तापमान मोजायला घरातली कोविडच्या काळातली कपाळावर धरायची बंदूक काढली, तर ती ४३ च्या वर सरळ ‘हाय’ लिहून गप्प. शेजारच्या काकांकडे भट्टीचं तापमान मोजायची बंदूक निघाली.

५५ अंश: ५.०१
६२ अंश: ४.९३
६६ अंश: ४.६, मग ४.२
६८ अंश: इंजिन बंद.

फ्रीजमधली बर्फाची पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेटीवर ठेवली. चार मिनिटांत ५ व्होल्ट परत, गाडी स्टार्ट. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच. इंजिनशेजारी बसवायची पेटी शंभर अंशांच्या आसपासचं तापमान सोसायला बनवलेली असते. ६८ ला तिने मान टाकू नये.

आता मी म्हणतो: ईसीएम गेलंय. गॅरेजवाला बरोबर होता हे कबूल. पण त्याने तेच वाक्य अर्थचा बोल्ट सैल असतानाही म्हटलं असतं.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला: नवीन पेटी कोडिंगसह ३८ हजार, तीन आठवडे, इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाहीत. या गाडीला विकून लाख मिळाले तर डोक्यावरून पाणी.

सोमवार, २३ ऑक्टोबर, खंडेनवमी

शस्त्रांच्या पूजेत पाने-पकडींशेजारी मल्टिमीटर ठेवला. आईने त्यालाही हळदकुंकू लावलं, नॉबवर. आज काम नाही.

मंगळवार, २४ ऑक्टोबर, दसरा

गाडीच्या बोनेटवर झेंडूचा हार, आत ईसीएमच्या जागी भोक. येणारेजाणारे सोनं देऊन विचारतात, ‘नवीन घेतली का?’

पेटी अॅल्युमिनिअमची, चार टॉर्क्स स्क्रू आणि कडेने सिलिकॉनची पट्टी. ड्रायरने सिलिकॉन मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचकटली. वीस मिनिटं लागली. स्क्रूड्रायव्हर घालायचा मोह होतो, पण कडेलाच ट्रॅक असतात.

आत बोर्डावर पारदर्शक लेप. कपलरच्या कोपऱ्यापासून, त्याच दोन पिनांपासून, लेपाखालून निघालेली हिरवट-पांढरी रेघ, गोगलगाय चालून गेल्यासारखी, थेट रेग्युलेटरच्या, म्हणजे ५ व्होल्ट बनवणाऱ्या भागाच्या पायापर्यंत. बाबांचं तिकिटं बघायचं भिंग लावलं. पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर. थंड असताना चिकटलेली, तापली की प्रसरणाने उघडते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने सगळं धुतलं, लेप खरवडला, फ्लक्स लावून तिन्ही पायांना नवीन सोल्डर दिलं. पेटी नवीन सिलिकॉनने बंद. संध्याकाळी ड्रायर लावून ७५ अंशांपर्यंत नेली: ५.०० आणि ठाम. खर्च १८० रुपये. सोनं लुटल्याचा आनंद.

पण पाणी आत आलं कुठून, हे राहिलंच.

रविवार, २९ ऑक्टोबर

वायपरखालची जाळी काढली आणि हसावं की रडावं कळेना. गाडी उभी राहते गुलमोहराखाली. गुलमोहराचं पान म्हणजे शेकडो चिमुकली पर्णिका. जाळीतून त्या सहज खाली जातात आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी पुठ्ठ्यासारख्या दाबून बसतात. अख्खा पावसाळा तिथे तळं होत असणार. काचेवर एक तांब्या पाणी ओतलं: पाणी नळीने न जाता काठावरून ओघळलं, वायरिंगवर आलं आणि वायरिंगचा उतार पकडून थेट ईसीएमच्या कपलरमध्ये.

नळीतून बाहेर आलेला लगदा वाटीभर. वायरिंगला कपलरच्या आधी खाली झोळ दिला, आता पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल आणि वर कपलरकडे चढणार नाही. हे काम केलं नसतं तर ३८ हजारांची नवी पेटीही पुढच्या ऑगस्टमध्ये हिरवी झाली असती.

सोमवार, ३० ऑक्टोबर

गाडी सहा दिवस उत्तम. पेपरात बातमी: मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आता अधिकृतपणे रस्त्याबाहेर. ती २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली होती, आणि इथे टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. बाबा बराच वेळ फोटो बघत होते. पद्मिनी बंद पडली की ड्रायव्हर बोनेट उघडायचा, पॉइंटवरून काचपेपर फिरवायचा, कार्बोरेटरला दोन फटके आणि चला. खरं आहे. बाबांना हेही आठवत होतं की ती दर आठवड्याला बंद पडायची, पण ते त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं.

गुरुवार, २ नोव्हेंबर (मीटर ९७,९०२)

नवव्या दिवशी ऐरोली पुलाच्या टोकाला बंद.

या वेळी तपासायला पाच मिनिटं लागली. ५ व्होल्टची लाइन ३.१ वर लटकलेली. रात्री पेटी पुन्हा उघडली. माझं सोल्डर चांगलं आहे. पण बोर्ड वरवर दोन बाजूंचा दिसला तरी आत आणखी थर असतात, आणि रेग्युलेटरच्या पायाजवळचं थर जोडणारं बारीक भोक आतून कुजलेलं. भिंगाखाली काळा ठिपका. तो बोर्ड मला दुरुस्त करता येणार नाही.

शनिवार, ४ नोव्हेंबर

कुर्ला, सीएसटी रोड. एका ओळीत दारं, दुसऱ्या ओळीत डॅशबोर्ड, मधे तोंडात सुपारी धरलेले मालक. चार दुकानं फिरलो. हवा होता नेमका तोच पार्ट नंबर, शेवटच्या दोन अक्षरांसकट. पेटी आणि कपलर तंतोतंत तसाच, पण शेवटची अक्षरं वेगळी म्हणजे आतला प्रोग्राम वेगळा, कदाचित ऑटोमॅटिक गिअरवाल्या गाडीचा. पहिल्या दुकानात ‘चल जाएगा, सब सेम है’ ऐकून नमस्कार केला.

तिसऱ्याकडे जुळणारा मिळाला. इथे घाई करायची नाही. कुर्ल्याला मिठीचं पाणी काय करतं ते सगळ्यांना माहीत आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हाच्या बुडालेल्या गाड्यांचे पार्ट पुढे कित्येक वर्षं बाजारात फिरत होते, असं दुकानातल्या चाचांनीच सांगितलं. बुडालेली पेटी ओळखायची खूण त्यांनीच दाखवली: वरून पुसून चकचकीत करतात, पण कपलरच्या रबरी सीलच्या खाचेत मातीची बारीक रेघ उरते. नखाने खरवडून बघितली, स्वच्छ. सिलिकॉन कंपनीचंच, स्क्रूवर पान्याचे ओरखडे नाहीत, पिना चकचकीत.

नऊ हजारांपासून सुरू झालेली घासाघीस साडेपाच हजारांवर थांबली. पक्की पावती घेतली, पार्ट नंबर त्यावर लिहून घेतला. चोरीचा माल घरात नको.

रविवार, ५ नोव्हेंबर

उतावीळपणा. पेटी तशीच लावून पाहिली. इंजिन लागलं, दोन सेकंद चाललं, बंद. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय. इमोबिलायझर. ही पेटी दुसऱ्या गाडीची चावी ओळखते, माझी नाही. हे होणार माहीत होतं. काही गाड्यांत अशा चुकीच्या जोडीने पेटी कायमची कुलूपबंद होते, तेव्हा माझ्यासारखं करू नका. आधी आतला डेटा वाचून ठेवायचा असतो.

सोमवार, ६ नोव्हेंबर

अर्धी रजा, ग्रँट रोड उतरून लॅमिंग्टन रोड. लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करणारे एक दादा, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.

गाडीची ओळख, म्हणजे चावीचे कोड, बोर्डावरच्या एका आठ पायांच्या मेमरी चिपमध्ये असतात. माझ्या बोर्डावर ९५१६०, भिजलेल्या साबुदाण्याएवढी. तिच्यात मावतात २,०४८ बाइट. दोन्ही पेट्यांचा प्रोग्राम एकच असल्याने तेवढेच बाइट इकडचे तिकडे करायचे होते.

दादांनी आधी चिप जागेवर ठेवून चिमट्याने वाचली. मी म्हटलं, तीनदा वाचा. पहिल्या दोन फाइल सारख्या, तिसरी वेगळी.

‘चिमटा नीट बसला नसेल,’ मी म्हटलं.

‘चिमटा बसलाय हो,’ ते म्हणाले. ‘चिपला करंट दिला की तो अख्ख्या बोर्डात शिरतो, प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि मधेच बोलतो. काढूनच वाचायला लागेल.’

हॉट एअरने चिप उचलली, अॅडॉप्टरमध्ये बसवली, तीनदा वाचली, तिन्ही सारख्या. मग कुर्ल्याच्या पेटीतली चिप काढून तिची मूळ फाइल जपून ठेवली, त्यावर माझा डेटा लिहिला, पडताळला आणि परत डाखली. ९०० रुपये. चारपैकी एकही पाय शेजारच्याला चिकटला नाही ना, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘आठ पाय आहेत. तुम्ही चहा घ्या.’

मंगळवार, ७ नोव्हेंबर

पेटी बसवली. चावी ऑन: चेक लाइट लागला, पंपाची घरघर आली, चावीचा दिवा लागून विझला. स्टार्ट. आयडलिंग मात्र १,१०० वर, मग ७००, परत १,१००. घाबरायचं कारण नाही, नवी पेटी थ्रॉटलची बंद जागा शिकलेली नसते. मॅन्युअलप्रमाणे चावी ऑन ठेवून, अॅक्सिलरेटरला पाय न लावता थांबलो, मग एसी बंद ठेवून दहा मिनिटं आयडलिंग. ७५० वर स्थिर. हेअर ड्रायर लावून ८० अंशांपर्यंत: ५.०२.

रविवार, १२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

खर्च मांडला. क्रँक सेन्सर १,९५०, रिले ३५०, सोल्डर वगैरे १८०, पेटी ५,५००, चिप ९००. एकूण ८,८८०. त्यातले २,३०० निव्वळ अंदाजावर गेले.

शनिवार, १८ नोव्हेंबर (मीटर ९८,३७६)

भाऊबीजेला पुण्याला जाऊन आलो. घाटात एसी चालू ठेवला, मुद्दाम. परतीला खालापूर टोलला पाऊण तास अडकलो, गाडी गप्प चालत राहिली. स्कॅनरवर कोड नाही, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोलच्या मात्रेत करतो ती दुरुस्ती) +३ टक्के. पीयूसी काढली, पास. दोन्ही मेमरी फाइल पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह गाडीच्या कागदांच्या पाकिटात. जुना बोर्ड माळ्यावर.

सोसायटीच्या चौकीदाराला सांगून पार्किंग बदलून घेतलं. नवीन जागा बदामाच्या झाडाखाली. पानं मोठी आहेत, जाळीत शिरत नाहीत.